अर्ध्या तासाचा उजेड

नागपूरच्या लकडगंजातल्या आपल्या टपरीत रुपराव गेली तीस वर्षं बॅटऱ्या दुरुस्त करत होते. एलईडीचा जमाना आला तरी शेतकरी जुन्या स्टीलच्या बॅटऱ्या घेऊन त्यांच्याकडेच यायचे. चार सेलच्या बॅटरीत रुपराव तीन सेलचा बल्ब बसवून द्यायचे. झेपेल त्यापेक्षा जास्त व्होल्टेज मिळालं की तो बल्ब पांढराशुभ्र पेटायचा आणि झोत पार वावराच्या धुऱ्यापलीकडे, शेजारच्या शेतापर्यंत जायचा. मात्र सलग लावला तर अर्ध्या तासात जळायचा. म्हणून रुपराव प्रत्येकाला बजावायचे, "लावा, पाहा, बंद करा. सुरू ठेवून बसू नका."

डिसेंबरात मिरचीत रानडुकरं घुसू लागली की रोज दहा-बारा माणसं यायची. तेच ते बोलून रुपरावांना वीट आला होता. एका दुपारी पाठ भरून आली होती, डोळे चुरचुरत होते. भिवापूरकडचे भैयाजी बॅटरी घेऊन निघाले, तेव्हा रुपरावांनी नुसती मान हलवली. बोलायचं जिवावर आलं होतं.

आठवड्यानं एक बाई टपरीसमोर उभी राहिली. तिनं तीच बॅटरी पुढे ठेवली.

"भाऊ, बल्ब गेला याचा. असाच दुसरा टाकून द्या."

ती भैयाजींची बायको, रुखमाबाई. डुक्कर नवऱ्याच्या अंगावर आलं आणि नेमका त्याच वेळी उजेड गेला, असं तिनं सांगितलं. त्यांची मांडी फाटली होती. तीन दिवसांपासून भैयाजी नागपुरातच दवाखान्यात होते, आणि आज रात्री वावरात तिचा दीर जाणार होता.

"याईनंच आपटली असंन कुठी," ती वैतागून म्हणाली. "तीन दिवसांपासून तेच बोलून राहिली मी त्याईले."

रुपरावांच्या हातात नवा बल्ब होता. बसवून दिला असता तर बाई निघून गेली असती.

"नाही आपटली, बाई," ते म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

"हे त्याईले सांगतलं होतं का तुम्ही?"

"नाही."

"काहून?"

"थकलो होतो."

रुखमाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. तीन दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून काढल्याचं तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मग म्हणाली, "चला. त्याईलेच सांगा."

रुपरावांनी टपरीचं दार ओढून घेतलं. ऑटोनं दोघं दवाखान्यात पोचले.

भैयाजींनी पडल्यापडल्या सगळं ऐकून घेतलं. "किती वेळ चालते म्हणता?"

"अर्धा तास."

"मी तर त्या रात्री लावूनच बसलो होतो. लई भारी उजेड होता." ते बायकोकडे वळले. "आयकलं? म्या नाही आपटली."

"आयकलं," ती म्हणाली. "चुकलं माहं."

रुपराव माफी मागायला लागले, तेव्हा भैयाजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "एकच वाक्य तं बोलायचं होतं, भाऊ," एवढंच म्हणाले.

खाटेजवळच्या स्टुलावर बसून रुपरावांनी बॅटरीत टपरीतून आणलेला चार सेलचाच बल्ब घातला. बटण दाबलं. भिंतीवर पिवळट, मळकट गोल पडला.

"एवढाच?" रुखमाबाईनं विचारलं.

"एवढाच. पण रातभर चालते."

तिनं बॅटरी पिशवीत टाकली. भिवापूरची गाडी पाचला होती. बॅटरी दिराला देऊन सकाळी परत यायचं होतं. जाताना ती दारात थबकली. नवऱ्याजवळ बसायला कोणीच नव्हतं.

"जा तुम्ही," रुपराव म्हणाले. "मी हावो इथं."

ती गेली. भैयाजी भिंतीकडे तोंड करूनच होते. तासाभरानं त्यांनी न वळताच पाणी मागितलं. रुपराव गुडघ्यावर हात टेकून उठले, ग्लास भरला, आणि त्यांच्या मानेखाली हात घालून त्यांना हळूच वर उचललं.