एक स्ट्राइक उरला असताना

"नाव पुकारलं की पळत सुटायचं नाही, चेतन. श्वास जागेवर ठेवून जायचं," जळगावच्या मैदानावर आबासाहेब सर सांगायचे. दोह्यातल्या बेसबॉलच्या मैदानात उतरताना चेतनने श्वास जागेवर ठेवला खरा, पण उजव्या हाताची दोन बोटं ताब्यात नव्हती. सराव करतानाच ती बधिर झाली होती.

आधीचे पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, दमले की शेवटी उतरायचं आणि हातातला सामना हातचा जाऊ द्यायचा नाही, हीच त्याची भाकरी. करार संपत आला होता. मॅनेजरने सकाळीच बजावलं होतं, आज सामना राखलास तर पुढचं वर्ष तुझं, नाहीतर खलास.

एका धावेची आघाडी होती. समोर शेवटचा बॅटर, देवव्रत. इथल्याच अल दुहैल वस्तीत वाढलेला, तोंडात सदा इंग्रजी.

कॅचर इब्राहीम चेतनजवळ आला. तो चिपळूणचा. मैदानात दोघं मराठीतच बोलत. इथे कोणाला कळतंय?

"दादा, बोटं परत गेली ना?"

"एकच बॅटर उरलाय रे."

"नि बॉल त्याच्या डोक्यात बसला म्हंजे?"

"नुसता अंगावर गेला तरी मी स्वतः मॅनेजरला बोटांचं सांगेन. देवाशपथ."

इब्राहीम मुखवटा ओढून बॅटरच्या मागे जाऊन बसला.

पहिल्या चेंडूवर देवव्रतची बॅट चुकली. पहिला स्ट्राइक. मग इब्राहीम ओरडला, "पेज!" ही त्या दोघांची खूण, म्हणजे हळू टाक. देवव्रत थांबला, आणि असा हाणला की चेंडू रेषेच्या जेमतेम बाहेर पडला. रेषेबाहेर गेला म्हणून तोही स्ट्राइक, दुसरा; तिसऱ्याला बाद.

"पेज? माझी आजी रोज करते," तो इंग्रजीत म्हणाला आणि हसला. इब्राहीमचा चेहरा उतरला.

आता वेगाशिवाय गत्यंतर नव्हतं. चेंडूची शिवण बोटांना लागत नव्हती. चेतनने गजाननाचं नाव घेतलं आणि फेकला. चेंडू निसटला तो थेट हनुवटीकडे. देवव्रतने अंग जमिनीवर टाकलं म्हणून वाचला. उठला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

मुद्दाम घाबरवलं, असंच सगळ्यांना वाटलं. मॅनेजर टाळ्या पिटत होता. "यल्ला, चल चेतन, एकच स्ट्राइक!"

इब्राहीम खाली मान घालून मुखवट्यावरची धूळ पुसत होता. त्याने वर पाहिलं नाही.

चेतनने बोटं पँटवर घासली. बोटांना काहीच जाणवलं नाही. चेंडू ग्लोव्हमध्ये ठेवून तो मॅनेजरच्या दिशेने निघाला.