गव्हातली खळी

बाबांना जाऊन सव्वा महिना झाला होता, आणि दादाचं ऐकलं तर ते अजून कामावर होते.

"रोज सकाळी कोठारात येऊन जातात," तो म्हणाला. "खोटं वाटत असेल तर जा, बघून ये."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही आणि माझं डोकं फार लवकर फिरतं. घरात मला ठिणगी म्हणतात ते उगीच नाही. मी चप्पल अडकवली आणि तडक गेले.

आमचं कोठार दगडी, नदीच्या उतारावर. बारमाही ओलं; उत्तरेच्या भिंतीला तर कायम पाझर. त्या भिंतीपासून दोन हात सोडून, जमिनीच्या वर फळ्या टाकून बाबांनी कप्पे केले होते. तीन रिकामे. चौथ्यात पुढच्या पेरणीचा गहू, होता नव्हता तेवढा सगळा. दर चार दिवसांनी बाबा फावड्याने ती रास वरखाली करायचे. रोज सकाळी बाही सारून कोपरापर्यंत हात आत घालायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. गार लागलं की "झोपलाय" म्हणायचे आणि चहाला यायचे. घरातल्या माणसांची त्यांनी एवढी चौकशी कधी केली नाही.

गव्हात भोक टिकत नाही, कडा घसरतात. मागे उरते ती वाटीएवढी खळी. राशीत तशी एक खळी होती, बाबा उभे राहायचे बरोबर तिथेच. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला.

"काल संध्याकाळी मी स्वतः सपाट केली होती," मागून आलेला दादा कुजबुजला. "कुलूपही मीच लावलं."

"आणि रास शेवटची कधी हलवलीस?"

"मी कशाला हलवू? बाबा बघतात ना रोज. काही बिघडलं असतं तर कळवलं असतं त्यांनी."

"कसं? पत्र टाकून?"

"तू वर्षातून चार दिवस येतेस. उंटावरून शेळ्या हाकू नकोस."

मी घरातून बाटली आणि मीठ घेऊन आले. कोरड्या बाटलीत मूठभर गहू आणि कोरडं मीठ घातलं, खळखळून हलवलं. मीठ काचेला चिकटून बसलं. म्हणजे गहू ओला; आणि ओला गहू आतून तापतो, मग कुजतो. दादाचा चेहरा खर्रकन उतरला. पेरायला दुसरा दाणा नव्हता. सकाळी ऊन पडलं की सगळा उपसून अंगणात पसरायचा, असं ठरलं. जाताना मी रास हाताने सपाट केली.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी गेले, तर कुलूप उघडं. मी दार ढकललं.

आत आई उभी होती. गुडघ्यांमुळे महिनाभर उंबरा न ओलांडलेली माझी आई, कोपरापर्यंत हात राशीत घालून, डोळे मिटून.

"आई!"

ती दचकली नाही. हातही काढला नाही.

"ओरडू नकोस गं."

"आत तापलाय ना?"

"पंधरा दिवस झाले."

"आणि तू गप्प बसलीस? बी कुजेल सगळं! पेरायचं काय, माती?"

"कळतं मला. चाळीस वर्षं हेच बघितलंय." तिने मला जवळ ओढलं. "हात घाल."

मी घातला. वरचे दाणे गार होते. खाली दमट ऊब लागली, थेट माणसाच्या हाताएवढी.

"दवाखान्यात शेवटी त्यांचा हात कसा गार पडला होता, आठवतं?" आई म्हणाली. "मी किती चोळला. हा बघ. ऊब आलीय."

मला भीती वाटायला हवी होती, निदान राग तरी यायला हवा होता. आलं ते रडू. बाबांचा हात मी शेवटचा कधी धरला होता, तेच मला आठवेना.

तेवढ्यात फावडं खांद्यावर घेऊन दादा आला. ऊन चांगलं पडलं होतं.

"सरका दोघी. आधीच उशीर झालाय."

आई मुकाट्याने हात काढून बाजूला झाली.

"थांब रे जरा," राशीतला हात तसाच ठेवून मी म्हणाले.