तुंपाकला माझ्या हाती दिलं ते वर्ष

सभेत पाळकबाईंनी तुंपाकचं नाव घेतलं, तेव्हा कॉफीचा पेला मी टेबलावर असा आपटला की शेजारी बसलेल्यांच्या पांढऱ्या शर्टावर शिंतोडे उडाले. मी माफी मागितली नाही.

बावीस वर्षं मी आमच्या चर्चच्या मंडळीत सिंतुआ आहे, म्हणजे पाळकांच्या हाताखालची दीक्षा घेतलेली सेविका. तळ्याकाठच्या वरच्या वस्तीतली तीस घरं माझ्याकडे. आजाऱ्याला भेटायचं, नवराबायकोचं भांडण सोडवायचं, कुणी गेलं तर पाळक पोचायच्या आधी उशाशी बसून पहिली प्रार्थना करायची. हे काम तुंपाक सिंबोलोन करणार, आणि दोन वर्षं त्याला तयार कोण करणार, तर मी.

त्या सभेच्या चार वर्षं आधी माझा नवरा मंगासी गेला. अंगणात शवपेटी ठेवलेली, सगळं कूळ जमलेलं, एकेक जण उठून चार शब्द बोलत होता. तुंपाक ताडीच्या दुकानातून सरळ आला होता. आमच्याच कुळातला, मला वहिनी म्हणणारा. त्याने माईक ओढून घेतला आणि म्हणाला, "सांत्वन करायचं तरी कुणाचं? मंगासीदादाचं घर आज बंद झालं. तीन पोरी, त्या जाणार आपापल्या सासरी. मागे नाव सांगायला आहे कोण?"

मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. माझी थोरली, तिओर, बापाच्या पेटीवर हात ठेवून उभी होती. तिने हात काढला, आत गेली आणि बॅग भरली. तेव्हापासून ती दूरच्या पेकनबारू शहरातून एकाही नाताळाला घरी आलेली नाही.

"त्याने काय केलं ते मला माहीत आहे, तिओरची आई," पाळकबाई म्हणाल्या. लामरिया त्यांचं नाव, वय बत्तीस, आवाज कधी चढत नाही. मला तेच सहन होत नाही. "त्याने स्वतः सांगितलं."

"तुम्हाला सांगितलं. मला नाही सांगितलं."

"म्हणून तर तुमच्याकडे पाठवतेय."

"माझं घर म्हणजे तळ्याचा घाट नाही, की कुणीही यावं आणि अंग धुवून जावं. गावात दुसरा माणूस उरला नाही का?"

"दोन वर्षं त्याने ताडीला हात लावलेला नाही. तुमच्या वस्तीतल्या सावुतचे आजोबा आठ महिने अंथरुणावर होते. तळ्यात जाळ्यांत पाळलेल्या माशांना खाणं घालून झालं की तो रोज जाऊन त्यांना आंघोळ घालायचा. कुणी सांगितलं नव्हतं."

"आंघोळ घालणाऱ्याला कुणी सिंतुआ करत नाही."

"गायकवृंदातल्या बाईला गीतांचं पुस्तक फेकून मारणाऱ्यालाही करत नाहीत," पाळकबाई शांतपणे म्हणाल्या. "पण तुम्हाला केलं, असं ऐकलंय."

"लागलं नव्हतं तिला."

सगळे हसले. मी हसले नाही. मतं घेतली, आणि माझं एक मत सोडून सगळी त्याच्या बाजूने पडली.

दर गुरुवारी दुपारी तो यायचा. मी त्याला ओसरीच्या पायरीवर बसवायची, पाणीसुद्धा विचारायची नाही. उपासनेचा क्रम तो असा वाचायचा, जसा बंदरावर बोट सुटताना माणूस गावांची नावं ओरडतो.

"पुन्हा," मी म्हणायची.

तो पुन्हा वाचायचा.

"पुन्हा. ही पापकबुली आहे, तिकीटविक्री नाही."

एकदा सतरा वेळा वाचायला लावलं. अठराव्या वेळी त्याने पुस्तक मिटलं. "वहिनी, तुम्ही मला शिकवताय की सोलताय?"

"दोन्ही. जमत नसेल तर रस्ता तो समोर."

त्याच्या गळ्याची शीर ताठली. मला वाटलं, आता जुना तुंपाक तोंड उघडेल, आणि मग मी तडक पाळकबाईंकडे जाईन. मी वाटच बघत होते, खोटं कशाला सांगू. पण त्याने पुस्तक उघडलं.

पाच महिने असे गेले. तो बरा वाचू लागला. माझा राग तसूभर कमी झाला नाही. उलट तो बरा वाचतो म्हणून वाढला.

मग देलिमाला चौथी मुलगी झाली. बाळंतिणीच्या घरी जाऊन प्रार्थना करायची असते, म्हणून मी त्याला बरोबर नेलं. देलिमा आतल्या चटईवर बाळाला घेऊन पडलेली. तिची सासू आम्हाला कॉफी देत म्हणाली, "कसली प्रार्थना करताय आता. चौथी पोरगी. माझ्या लेकाचं घर बंदच झालं समजा."

देलिमाने तोंड भिंतीकडे वळवलं.

मी काही बोलायच्या आत तुंपाकने पेला खाली ठेवला. "काकी, हेच मी एकदा बोललो होतो. भर अंत्यविधीत, विधवेच्या तोंडावर. माझ्या जिभेला तेव्हाच किडे पडायला हवे होते. तुम्ही नका बोलू."

देलिमा रडायला लागली. त्याने प्रार्थना केली, बाळाचं नाव नीट घेतलं. सासूने निघताना त्याचे हात हातात धरले.

कांद्याच्या वाफ्यांपाशी पोचेपर्यंत मी दम धरला. मग थांबले.

"वा. छान वाटलं ना?"

"काय झालं, वहिनी?"

"माझ्या दारात पाच महिने बसलास. एकदा तोंड उघडलं नाहीस. आणि परक्याच्या स्वयंपाकघरात, त्या म्हातारीसमोर, माझं दुःख काढून दाखवलंस. तिने हात धरले तुझे. ते हात माझ्या नवऱ्याच्या पेटीवर पाय देऊन मिळवलेस तू."

तो पांढराफटक पडला. "मला... तुमच्यासमोर जमत नव्हतं."

"माईकवर जमलं होतं."

"मग आता सांगतो. वहिनी, माझी—"

"इथे नको. इथे कांदे ऐकतायत फक्त. जिथे बोललास तिथे सांग. त्याच अंगणात, त्याच लोकांसमोर. जो हसला होता त्यालाही घेऊन ये. आणि तिओरने ऐकायला हवं."

पुढचे दोन गुरुवार तो आला नाही. पाळकबाई येऊन म्हणाल्या, "तुम्ही त्याला मोडून टाकाल." मी म्हटलं, "इतक्याने मोडणार असेल तर आत्ताच मोडू दे. पुढे मंडळी घेऊन मोडेल."

तिसऱ्या गुरुवारी दुपारी अंगणात चपलांचा आवाज झाला. तुंपाक, त्याची बायको, कुळातली पंचवीस-तीस माणसं, आणि मान खाली घातलेला त्याचा चुलतभाऊ बोनार. म्हणजे हसला होता तो बोनार. चार वर्षं मी प्रत्येक चेहऱ्यावर ते हसू शोधत होते. तुंपाकच्या बायकोने हळद घालून शिजवलेला अख्खा मासा आणला होता, आमच्यात समेटाला आणतात तसा.

मी तिओरला फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन त्याच्यासमोर धरला.

तो उभा राहिला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. "मंगासीदादाचं घर बंद झालं, असं मी इथे म्हणालो. खोटं बोललो. त्याने मला पोहायला शिकवलं, जाळं विणायला शिकवलं. त्याच्या पोरींसमोर मी त्याला पुन्हा मारलं. ताडीवर ढकलणार नाही. ताडी प्यायला मीच गेलो होतो." एवढं बोलून तो खाली बसला. बोनार नुसता "मी हसलो" एवढंच म्हणाला.

फोनमधून तिओर म्हणाली, "ऐकलं," आणि फोन बंद केला.

मी मासा वाढून घेतला आणि खाल्ला. खावासा वाटत नव्हता, तरी खाल्ला, कारण मी सांगितलेलं सगळं करून तो आला होता.

दोन वर्षं भरली तेव्हा सभेत मला विचारलं, दीक्षा द्यायची का. तुंपाक नव्या काळ्या कोटात समोर बसलेला. मी म्हटलं, "अजून नाही. आणखी एक वर्ष. माझ्याकडेच."

पहिल्यांदाच पाळकबाईंचा आवाज चढला. "तुम्ही सांगितलं ते सगळं त्याने केलं. हा सूड आहे, तिओरची आई."

"थोडा आहे," मी म्हटलं. "पण मी भाग पाडलं तेव्हा तो बोलला. सिंतुआला कुणी भाग पाडत नाही. गेल्याच महिन्यात शाळेच्या मास्तरला त्याने बाजारात सगळ्यांसमोर काय ऐकवलं, ते विचारा त्याला."

सगळ्यांनी तुंपाककडे पाहिलं. त्याच्या गळ्याची शीर पुन्हा ताठली. तो उठला. मला वाटलं, आता जातो.

"मास्तर चुकला होता," तो म्हणाला. "पण बाजारात बोलायला नको होतं." आणि खाली बसला. "अजून एक वर्ष येतो, वहिनी. पण मला पायरीवर बसवू नका. गुडघे दुखतात."

त्या आठवड्यात मी ओसरीत खुर्ची टाकली. राग कुठे गेला नव्हता. मास्तरच्या घरी समेटाला आम्ही दोघं गेलो, आणि तिथे प्रार्थना त्यानेच केली. फारच लांब केली. परतताना मी तसं सांगितलं, तर चढ संपेपर्यंत तो माझ्याशी वाद घालत होता.