खाडीच्या बांधावरची जाड टायरची सायकल

मित्रांनो, मी एक जुनी, जाड टायरची सायकल आहे. तुम्ही म्हणाल, तीन वर्षांची सायकल कसली जुनी? पण खाऱ्या पाण्याने एकदा धरलं की आमचं वय वर्षांत मोजत नाहीत. माझ्या मडगार्डवरून नुसतं बोट फिरवा, तांबडा गंज बोटाला लागेल.

माझा जन्म परदेशातल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. पहिली खरी आठवण आहे ती करीमची. तो मस्कतला नोकरीला होता. १९८६ साली सुट्टीवर येताना त्याने आपल्या लेकीसाठी, सुरय्यासाठी, मला आणलं. चिपळूणहून एसटीच्या टपावर बांधून मी खाडीकाठच्या आमच्या गावी आले, तेव्हा बघायला सगळी वाडी जमली. शेजारचा केरू हसून म्हणाला, "करीमभाई, ही सायकल हाय का ट्रॅक्टरचं पिल्लू?"

मला वाईट वाटलं. पण गावातल्या बारीक चाकांच्या सायकली खाडीच्या बांधावर रुतायच्या आणि मी मात्र वाळू, चिखल, शेवाळ सगळ्यावरून सरळ जायची. मग हसणं थांबलं.

हा बांध म्हणजे मातीची लांबलचक वाट. एका अंगाला खाडी आणि कांदळवन, दुसऱ्या अंगाला भातशेती. ना चढ ना उतार. दर रविवारी अकरा वर्षांची सुरय्या मला चालवायची आणि केरूची मुलगी तुळसा कॅरिअरवर बसायची. दोघी एकाच वर्गातल्या. धक्क्यापर्यंत जायचं, लाँच बघायची, परत यायचं. खंड्या पक्षी कांदळावरून सूर मारायचा आणि तुळसा त्याचे मासे मोजायची.

या वाटेत एकच जागा वाईट होती. उघाडीजवळ, म्हणजे शेतातलं पाणी बाहेर सोडायच्या लाकडी दाराजवळ, बांध खचून खोलगट झाला होता. भरती पूर्ण व्हायच्या दीड तास आधी खाडीचं पाणी तिथून आत शिरायचं. त्या आधी परत यायलाच हवं.

करीम मस्कतला परतला होता. घरात वेळ ठरवायची ती सुरय्याची आई हफीजा. फार जपणारी बाई. आम्ही निघालो की पडवीच्या खांबाला धरून उभी राहायची, माझी घंटी ऐकू येईनाशी झाली तरी. तिचे वडील गलबतावर तांडेल होते. त्यांनी तिला शिकवलं होतं, "चांदाच्या तारखेत दोन मिळव, म्हणजे तिथी. तिथीची पाऊणपट कर, तेवढ्या वाजता भरती पूर्ण." हा हिशेब तिचा कधी चुकला नव्हता.

भातकापणीचे दिवस होते. त्या महिन्याचा पहिला चांद ढगांमुळे गावात कोणालाच दिसला नाही, म्हणून त्यावरून धरायची चांदाची तारीख हफीजाला नक्की ठाऊक नव्हती. रविवारी सकाळी हफीजाने कुंपणावरून तुळसाच्या आईला, कमळाला, हाक मारली.

"कमळाबाय, आज किती गो?"

"तीन," कमळा म्हणाली. तिच्या हातात विळा होता आणि ती घाईत होती.

कमळाने सांगितली ती तिथी. तृतीया. हफीजाने मात्र ती चांदाची तारीख समजून रोजच्या सवयीने त्यात दोन मिळवले आणि पाच केले. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे भरती पावणेचारला, सव्वादोनपर्यंत वाट कोरडी. खरी भरती होती सव्वादोनला, तीही अमावास्येनंतरच्या उधाणाची.

"दोनच्या आत या," तिने सुरय्याला बजावलं. "दोनपर्यंत पाणी येत नाही."

आम्ही साडेअकराला निघालो. सव्वा वाजता परत फिरून उघाडीपाशी आलो, तर खोलगट जागेवरून पाणी वाहत होतं. गढूळ आणि वेगाने. माझं पुढचं चाक थांबलं. मला बोलता येत असतं तर मी किंचाळले असते.

"सुरय्या, पाणी बघ," तुळसा कुजबुजली.

"शेतातलं असेल. अम्मी म्हणालीय ना, दोनपर्यंत पाणी येत नाही."

"पण हे तर येतंय की गो!"

"अम्मीचं कधी चुकतं का? उतर, ढकलत नेऊ."

मित्रांनो, त्या पोरीला डोळ्यांसमोरचं पाणी दिसत होतं, तरी आईचा शब्द तिला जास्त खरा वाटला. मला आजही त्याच गोष्टीचं भय वाटतं.

चार पावलं गेल्यावर काठाची माती सुटली. तुळसा घसरली, तिला धरताना सुरय्या कलली आणि आम्ही तिघी एकदम उघाडीच्या दिशेने ओढल्या गेलो. माझी पुढची दांडी दोन लाकडी खांबांत अडकली आणि मी तिथेच घट्ट बसले. सुरय्याने हँडल धरलं, तुळसाने कॅरिअर. पाणी आधी त्यांच्या कमरेला होतं. मग छातीला आलं. माझ्या स्पोक्स करकरत होत्या. एक तुटली, मग दुसरी. मी मनात एकच म्हणत होते, सुटायचं नाही.

तिकडे घरी काय झालं ते मला नंतर कळलं. कमळा विळा ठेवायला आली आणि म्हणाली, "पोरी आल्या ना? आता तासाभरात भरती भरंल."

"पावणेचारला ना?"

"पावणेचार कसली? तृतीया हाय, सव्वादोन!"

हफीजाला आपली चूक कळली. अंगणातली कपड्यांची दोरी तिने ओल्या कपड्यांसकट ओढून काढली आणि धावत सुटली. मागून कमळा.

मला आधी त्यांच्या हाका ऐकू आल्या. "पोरींनो, सायकल सोडू नका!"

"आई, माझी चप्पल वाहत गेली!" तुळसा रडत ओरडली.

"चपलेला आग लाव! दांडी धर, दांडी!"

कमळाने दोरी कांदळाच्या खोडाला गुंडाळून धरली. दुसरं टोक कमरेला बांधून हफीजा पाण्यात उतरली. आधी तिने तुळसाला नेलं. सुरय्या माझ्यापाशी एकटी राहिली तो वेळ किती होता कोण जाणे. पाणी तिच्या हनुवटीपर्यंत आलं होतं. मग आई परत आली.

बांधावर दोन्ही आया पोरींना कवटाळून बसल्या. हफीजाचे दात वाजत होते. "तू तीन म्हणालीस, मी त्याचे पाच केले. चूक माझी."

कमळा म्हणाली, "मीपन तिथी म्हनून बोलले नाय. नुसतं तीन म्हनाले. तुझ्या एकटीचा नाय गुन्हा."

मला दुसऱ्या दिवशी ओहोटीला केरूने खांबांतून ओढून काढलं आणि मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. गोड्या पाण्याने धुवायचं कोणाच्याच मनात आलं नाही. पोरींना ताप होता, सगळे त्यांच्याभोवती होते. मला राग नाही. पण मीठ वाट बघत नाही, मित्रांनो. महिन्याभरात माझी साखळी जाम झाली. चार महिने मी तिथेच होते. कोंबड्या माझ्या सीटवर बसायच्या. हफीजा जाता-येता माझ्याकडे न बघता जायची.

एका रविवारी मात्र तिने स्वतः मला अंगणात आणलं. काथ्याने घासलं, साखळीत खोबरेल घातलं आणि सुरय्याला हाक मारली. तुळसाही आली. त्या दिवशी हफीजा आमच्याबरोबर उघाडीपर्यंत चालत आली. खोलगट जागेत ओल होती, पाणी नव्हतं. आईने तिथी सांगितली नाही, वेळ सांगितली नाही.

"तू बघ आणि तू सांग," ती लेकीला म्हणाली. "मी चुकू शकते."

सुरय्या उघाडीपाशी थांबली. तिने कांदळाच्या मुळांकडे पाहिलं, खाडीत कुठल्या बाजूला फेस सरकतोय ते पाहिलं. ओठ चावला.

"पाणी चढतंय. आज नको, अम्मी."

हफीजाने मान हलवली. तिने माझं हँडल धरलं, मला वळवलं आणि आम्ही सगळ्या घरी परतलो.

तेव्हा मित्रांनो, खाऱ्या पाण्यातून आलेल्या सायकलीला गोडं पाणी दाखवा, तेलाचे चार थेंब घाला, एवढंच माझं मागणं. पण वाटेवर निघताना मोठ्यांनी काहीही सांगितलेलं असलं, तरी पाय टाकायच्या आधी स्वतः थांबून पाणी बघा. आणि शंका आली तर मागे फिरा. सायकल काय, उद्याही तुमच्यासाठी भिंतीला टेकून उभी असेल.