साहेब जेवून गेले

नवं राज्य होऊन वर्ष उलटलं. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, आणि बुऱ्हाणपूरच्या एका सरकारी कचेरीत एकाच आठवड्यात अकरा कारकुनांच्या आया अंथरुणाला खिळल्या. बदल्यांची यादी लागली होती ना! ज्याचं नाव भोपाळच्या रकान्यात, त्याची आई आजारी. एका पठ्ठ्यानं तर तीन वर्षांपूर्वी वारलेल्या आईला अर्धांगवायू झाल्याचा अर्ज ठोकून दिला. वरचे लोक काय दूधखुळे होते? त्यांनी कळवलं, ग्वाल्हेरकडचे एक साहेब दौऱ्यावर येतील, घरोघर जातील, स्वतःच्या डोळ्यांनी बघतील आणि मगच कोणाची बदली थांबवायची ते ठरवतील.

त्या अकरांत लीलाधर होता, आणि त्याची माय खरोखरच आजारी होती.

गोदाबाईचं दुखणं नऊ वर्षांचं. आधी बोटांच्या सांध्यांत आलं, मग मनगटं, गुडघे. मग डोळे कोरडे पडले, तोंडात फोड यायला लागले, रोज संध्याकाळी कणकण. गेल्या वर्षी तर पायांवर सूजही आली. डॉक्टरांनी एकदा लीलाधरला बसवून समजावून सांगितलं होतं, की बाहेरून काही आलेलं नाही, यांचं शरीरच यांच्याशी भांडतंय. लीलाधरला ते चटकन समजलं. चार राज्यांतून आणून एकत्र बसवलेल्या कारकुनांचं त्याच्या कचेरीत तेच चाललं होतं. इलाज काय, तर मुंबईहून येणारी एक पांढरी गोळी, रोज सकाळी एक. कमी नाही, जास्त नाही, आणि मुळातून बरं होण्याची आशा नाही.

रोज पहाटे कोमट पाण्यात तिचे हात धरायचे आणि मिटलेली बोटं एकेक करून उघडायची, हे लीलाधरचं काम. तो तिचे केस विंचरायचा, अंबाडा घालायचा, तोंड धुवायचा. लुगडं नेसवायला शेजारची धुरपदाबाई यायची आणि तो कचेरीत असला की तीच अधूनमधून डोकावायची. लीलाधर चौतिशीचा झाला होता. दोन स्थळं आली, आतल्या खोलीत नजर टाकून चहा न घेताच गेली.

आणि दुखणं मोठं लबाड हो! आठ दिवस कूस बदलता येत नाही, आणि नवव्या दिवशी बाई भिंत धरून ओट्यावर येऊन बसते, शेजारणींशी हसते. मग सगळी गल्ली म्हणायला मोकळी, काल तर चांगली होती! लीलाधरच्या मनातही ते कितीदा येऊन गेलेलं. चौथ्यांदा हाक आली की वाटायचं, खरंच एवढं दुखतं का हिला? मग स्वतःची लाज वाटायची. पुढे पुढे लाज वाटून घ्यायचाही कंटाळा आला.

साहेब मंगळवारी येणार होते. लीलाधरनं शुक्रवारीच मायला सांगून ठेवलं.

"माय, तू काही करू नको. जशी हायेस तशी पडून राह्य."

"पह्यल्यांदा घरी येऊन राह्यला तो मानूस, आन् मी त्याच्यासमोर लोळत पडू?"

"अवं, तेच तं पाहाले येऊन राह्यले ते!"

"बरं," गोदाबाई म्हणाली. लीलाधरनं तिथेच सावध व्हायला हवं होतं. नऊ वर्षांत ही बाई इतक्या सहजासहजी कशालाच बरं म्हणाली नव्हती.

पुढचे तीन दिवस तिचे फार वाईट गेले. पाणी पाजायचं तर मान उचलून धरावी लागे. लीलाधर मनातल्या मनात म्हणत होता, आणखी दोन दिवस अशीच राहा माय, साहेबांना दिसू दे. असं आपण आपल्या आईविषयी म्हणतोय हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याला भडभडून आलं. पण म्हणायचं काही तो थांबला नाही.

मंगळवारी तो साहेबांना कचेरीतून घेऊन निघाला. शनवारा दरवाजाजवळच्या कचेरीपासून घर दहा मिनिटांवर. गल्लीच्या तोंडाशी आले तोच साहेब थांबले आणि त्यांनी नाक वर केलं. "भई, यह खुशबू कहाँ से आ रही है?" तुपाची आणि वेलदोड्याची खुशबू होती. लीलाधर झपाझप पुढे निघाला, कारण त्या गल्लीत तसा वास एकाच घरातून यायचा, तोही नऊ वर्षांपूर्वी.

माय चुलीसमोर बसली होती. ठेवणीतलं लुगडं, डोईवर पदर, गाल चुलीच्या धगीनं लाल. चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं आणि मायच्या दोन्ही हातांवर पुरणाचा मांडा. ती तो या कोपरावरून त्या कोपरावर झेलत होती, झेलता झेलता वाढवत होती. उपरण्याएवढा पातळ झाला तेव्हा तिनं तो अलगद खापरावर सोडला. साहेब तोंड उघडं टाकून बघत राहिले. धुरपदाबाई कोपऱ्यात उभी होती, ती लीलाधरची नजर चुकवत होती.

आता बोला! तीन दिवस तिनं गोळी तोंडात धरली, वर पाणी प्याली आणि लीलाधरची पाठ वळली की उशीखाली सरकवली. मंगळवारी सकाळी त्या तीन आणि त्या दिवसाची एक अशा चारही गोळ्या एकदम घेतल्या. पुरण धुरपदाबाईनं वाटलं, कणीक तिनंच तिंबली, अकरा वाजता मायला काखेत हात घालून उचललं आणि चुलीसमोर आणून बसवलं. हे सगळं लीलाधरला नंतर कळलं.

"बैठो साहेब," माय आपल्या बुऱ्हाणपुरी हिंदीत म्हणाली, "पहले जेवो, फिर कामकाज."

महिनाभर दौऱ्यावर खाणावळीचं खाऊन कावलेला माणूस तो. दूध-तुपात कुस्करून दीड मांडा खाल्ला. मायनं अर्धा आणखी वाढायला लावला. साहेबांनी हात धुतले, कागद काढला, काहीतरी लिहिलं आणि दाराशी लीलाधरला बाजूला घेतलं. "लीलाधर जी, औरों की तरह आपने भी? खैर, माताजी के हाथ का खाया है. शिकायत नहीं लिखूँगा." आणि हसून त्याच्या पाठीवर थाप मारली.

एक वाक्य पुरलं असतं. साहेब, तिला फक्त उठून उभं राहायला सांगा. एवढंच. तिला ते जमलं नसतं, साहेबांनी पाहिलं असतं, कागद फाडून दुसरा लिहिला असता. वाक्य लीलाधरच्या अगदी ओठांवर होतं. त्यानं आत पाहिलं. माय पदर सावरत, मान ताठ करून बसली होती. तो साहेबांना म्हणाला, "चलिए, आपको सड़क तक छोड़ देता हूँ."

परत आला तेव्हा माय हरखून गेली होती. "झालं समज तुहं काम! दोन मांडे खाल्ले त्यानं. ज्याच्या घरी एवढा जेवला त्याचं वाईट करंल का तो?" बोलता बोलताच ती एका अंगावर कलंडली. बुधवारी ताप चढला, मनगटांवर लिंबाएवढी सूज आली, कोणी पांघरूण ओढलं तरी ती ओरडायची. डॉक्टर लीलाधरवर ओरडून गेले. आणि ग्लानीतून डोळे उघडले की माय विचारायची, "कागद आला का?"

कागद शुक्रवारी आला. सोमवारी दुपारपर्यंत भोपाळला हजर व्हावं. लीलाधरनं तो तिच्या अंथरुणाशी बसून वाचला.

"पन तो तं जेवला!" माय म्हणाली.

"जेवला म्हनूनच, माय. मांडे करनारी बाई आजारी कशी असंल?"

तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. तिच्या लक्षात येत होतं तसतसा तिचा चेहरा उतरत गेला. मग तिनं विचारलं, "आन् तू नाही सांगतलं त्याले? का मले उठता येत नाही म्हनून?"

"नाही."

"कायले?"

उत्तर तयार होतं. तुझी इज्जत राखली, परक्या माणसासमोर तुझा तमाशा नको होता. तीन दिवस लीलाधर स्वतःला तेच सांगत होता. पण तिच्यासमोर ते तोंडातून निघेना.

"मी थकलो, माय," तो म्हणाला. "मले जायचं होतं. बुधवारीच धुरपदाबाईशी बोलून ठेवलं, का तुह्याकडं पाहाय म्हनून."

आता ती रडेल, तळतळाट करेल, करावाच, असं त्याला वाटलं. माय आढ्याकडे बघत होती.

"मले बी रोज वाटते, बापू," ती म्हणाली. "सकाळी डोळे उघडले का वाटते, हे आंग इथंच पडू द्यावं आन् आपन उठून चालतं व्हावं. कुठंबी. पन ते मले सोडत नाही." तिनं मान त्याच्याकडे वळवली. "तुले जाता येते, तं जाय. मी तुले नावं नाही ठेवनार."

लीलाधर रडला. बाप गेला तेव्हा रडला नव्हता इतका रडला, गुडघ्यांत डोकं घालून, लहान पोरासारखा आवाज काढून. नऊ वर्षं तो तिला धुत होता, विंचरत होता, भरवत होता, आणि ती आत कशी राहते हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. मायनं त्याला रडू दिलं. हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवायचं बळ तिच्यात नव्हतं.

"दोघंबी जाऊ," शेवटी तो नाक पुसत म्हणाला.

"ह्या आंगासकट?"

"ह्या आंगासकट."

गोदाबाईनं हिशेब केला. "सोमवारी हजर व्हायचं तं रविवारी गाडीत बसावं लागंल. रविवारपरेंत मले बसता यायचं नाही."

"मग निजवून नेईन," लीलाधर म्हणाला.