बाराव्या धड्यातला खोकला

बाईंनी कळ दाबली आणि पडद्यावरच्या स्वतःला मध्येच थांबवलं. पडद्यावरची बाई शेहेचाळीस वर्षांची होती, हातात खडू आणि बाहीवर खडूची पूड. टेबलाशी बसलेली बाई एकाहत्तरची होती आणि भलतीच खुशीत होती.

"बघितलंत? बारावा धडा एकोणीस मिनिटांत! आधी पन्नास लागायची. एकही वाक्य दुसऱ्यांदा नाही. किती हुशार दिसते मी!"

"हुशार तू होतीसच," नवरा म्हणाला आणि हातातल्या कवळीवरून अंगठा फिरवत राहिला.

त्यांना गल्लीत सगळे कवळीवाले म्हणत. दातांचे डॉक्टर हिरड्यांचे ठसे पाठवत, त्यावरून ते साचे करत, कवळ्या बनवत आणि परत पाठवून देत. उभ्या आयुष्यात ज्यांच्यासाठी दात केले त्यांतलं एकही तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांच्या याच खोलीत, प्लास्टरच्या वासात, बाईंनी संगणकशास्त्राचे चाळीस धडे चित्रित केले होते, कारण त्या जिथे शिकवत त्या संस्थेने जागा द्यायचं नाकारलं होतं. फळ्यासमोर कॅमेरा ठेवला म्हणजे शाळा होत नाही, असं तिथल्या सहकाऱ्यांचं म्हणणं. इंटरनेटवर पहिला धडा टाकला तेव्हा तो अकरा जणांनी पाहिला. त्यातले चार संस्थेतलेच, चुका काढायला बसलेले. पुढे आकडा लाखांत गेला आणि मग, ही कल्पना मुळात आपलीच, असं त्या चौघांना आठवू लागलं.

खरी अडचण वेगळीच होती. बाईंना कॅमेऱ्याच्या काचेशी बोलता येईना. शेवटी कवळीवाले कॅमेऱ्यामागे स्टूल टाकून बसले. ठरलं असं, की समजलं नाही तर मध्ये बोलायचं नाही, नुसतं खोकायचं. ते खोकले की बाई "परत सांगते" म्हणत आणि परत सांगत. बाराव्या धड्यात ते चार वेळा खोकले होते. त्यावरून पंचवीस वर्षं घरात थट्टा चालली. "मी जगाला शिकवलं, पण घरात पालथ्या घड्यावर पाणी," असं बाई पाहुण्यांना सांगत आणि कवळीवाले पाहुण्यांपेक्षा मोठ्याने हसत.

संस्थेचा नवा संचालक बाईंचाच विद्यार्थी होता. त्याने सगळे धडे छाटून आखूड केले होते. टेबलावर संमतीपत्र होतं. बाईंनी सही केली की जुने धडे इंटरनेटवरून कायमचे उतरणार होते आणि त्यांच्या जागी हे नवे चढणार होते. उत्तर आज पाचपर्यंत हवं होतं. बाईंना सही करायची होती, ते लपवण्यात अर्थ नाही. बाई एकच गोष्ट चारदा सांगतात, रटाळ आहेत, हे त्यांनी नोकरीभर पाठीमागून ऐकलं होतं आणि ते त्यांना लागलं होतं. आपल्या मागे राहील ती बाई तरी न अडखळणारी असावी, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

फोन वाजला. संचालकच होता. बाईंनी तो दोघांना ऐकू येईलसा ठेवला.

"मॅडम, आवडलं ना? आता लोकांना वेळ नसतो. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो."

"आणि मध्येमध्ये खोकल्याचा आवाज होता तो?"

"तो तर सगळ्यात आधी काढला."

"चला, सुंठीवाचून खोकला गेला!" बाई हसल्या. कवळीवाले हसले नाहीत, आणि हे असं पहिल्यांदाच होत होतं. बाईंनी घाईघाईने फोन आवरता घेतला.

"काय झालं हो?"

"काही नाही. कर सही."

"स्पष्ट बोला."

त्यांनी हातातली कवळी टेबलावर ठेवली. "ही परत आलीय. डावीकडे टोचते, अशी चिठ्ठी आहे. मला विचारशील तर झकास झालीय. पण तोंड माझं नाही ना."

"लोक तुमच्याइतके मठ्ठ नसतात हो," बाई लाडाने म्हणाल्या.

"बाराव्यात काय होतं गं? क्रमाने लावलेल्या वस्तूंतून एक शोधायची. मधली उचलायची. तिचा नंबर हवा त्याहून मोठा निघाला तर डावीकडचा अर्धा भाग बघायचा, लहान निघाला तर उजवीकडचा. मग त्यातली मधली." त्यांनी मागच्या कपाटाकडे मान वळवली. "तू शिकवायच्या आधीपासून मी साचे असेच शोधतो."

कपाटात नंबर घातलेले शेकडो साचे ओळीने बसले होते. ते आधी ओळीच्या मधोमध हात घालतात हे बाईंनी रोज पाहिलं होतं, लक्ष मात्र कधी दिलं नव्हतं.

"मग चार वेळा खोकलात कशाला?"

"पहिल्यांदा सांगतेस ना, तेव्हा तू स्वतःशीच बोलत असतेस. भरभर, छान. समोर कुणी बसलंय हे तुझ्या लक्षात यायला वेळ लागतो. पण एकदा आलं, की तुझ्यासारखं कुणी शिकवत नाही."

"आणि पंचवीस वर्षं मठ्ठ म्हणवून घेतलंत?"

"त्याने काय बिघडलं?"

बाईंना लाज वाटली आणि त्या लाजेहून कितीतरी जास्त माया दाटून आली. त्यांनी फोन उचलला, जुने धडे आहेत तसेच राहू देत असं सांगितलं, आणि पलीकडून "पण मॅडम, रटाळ..." ऐकू आल्यावर "रटाळ तर रटाळ" म्हणून ठेवून दिला.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "म्हणजे चाळीसच्या चाळीस समजले होते?"

"अडतीस."

"आणि दोन?"

"एकोणिसावा आणि एकतिसावा. जाऊ दे आता."

"त्यांत तर तुम्ही एकदाही खोकला नाहीत!"

"ते खरंच समजले नव्हते," कवळीवाले म्हणाले. "लाज वाटली."

बाईंनी संमतीपत्र उलटं केलं, पेन घेतलं आणि एकोणिसावा धडा काढला. स्वतःलाच हाक मारणारा प्रोग्राम, ती हाक ऐकून आलेलाही तोच, तोही पुन्हा स्वतःलाच हाक मारतो, आणि हे सगळं थांबतं कुठे. त्यांनी चौकटीत चौकट काढली, त्यात आणखी एक काढली, बाण दाखवले.

"आलं लक्षात?"

"हो, हो. आलं."

बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ते हसून मान हलवत होते. अशी हलणारी मान त्यांनी वर्गावर्गांतून हजारो वेळा पाहिली होती आणि दर वेळी निर्धास्तपणे पुढचा फळा लिहायला घेतला होता.

"नाही आलं," त्या म्हणाल्या आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढून बसल्या.