पाळण्याचे कान

पहाटेची नमाज आटोपली की चास्मिनी अंगण साफ करायला घेई. पण तिच्या हातात झाडू नसे. जुन्या कर्ण्यातून काढलेला लोहचुंबक तिने दोरीला बांधला होता. तो जमिनीला टेकेल न टेकेल असा धरून ती अंगणभर फिरे आणि आदल्या दिवशी ग्राइंडरखालून उडालेला लोखंडाचा भुसा भेदरलेल्या मांजराच्या केसांसारखा ताठ होऊन त्याला चिकटे. तो कागदावर पुसून घेतला की मगच कोंबड्या सोडायच्या. त्यानंतर वेल्डिंगचे रॉड बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात उभे करून तो डबा चुलीच्या उबेला ठेवायचा, कारण समुद्रावरच्या दमट वाऱ्याने रॉडच्या अंगावरचा लेप रात्रीतून ओल धरी. मग मातीच्या किटलीत चहा, त्यात खडीसाखरेचा खडा, आणि कोपऱ्यावरच्या बाईकडून केळीच्या पानात बांधून आणलेला तिखट टेंपेचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांचा, भात. वडिलांचे खाणे होईपर्यंत शेजारच्यांचा पाण्याचा पंप बंद होई. तो बंद झाल्याखेरीज मशीन लावता येत नसे. दोन्ही एकदम चालले तर गल्लीची अर्धी वीज जाई आणि शिव्या मात्र अख्ख्या गल्लीच्या खाव्या लागत.

तेगालजवळच्या तालांगमध्ये अशा गल्ल्या पुष्कळ आहेत. तिथे घराची पुढची पडवी म्हणजेच कारखाना. कुणाकडे लेथ, कुणाकडे ओतकामाची भट्टी. चास्मिनीचे वडील तास्रिपिन, ज्यांना सारी गल्ली आदराने ‘पाक’ म्हणे, त्यांच्या पडवीत वेल्डिंगचे मशीन, दोन ग्राइंडर, पत्रा कापायची लांब दांड्याची कात्री आणि पाइप कापायचे चाक होते. चास्मिनीचा नवरा जाकार्तात भावाच्या खाणावळीवर पाळीने राही. ती मात्र आई गेल्यापासून वडिलांजवळच होती. कामाची वाटणीही तेव्हापासूनची होती. जोड बापाने द्यायचा आणि लेकीने तो घासायचा. इथल्या गिऱ्हाइकाला जोड दिसलेला चालत नाही. दोन पाइप जिथे मिळतात तिथे तो बोट फिरवतो आणि बोटाला काही लागले नाही की खूश होतो. चास्मिनीने घासलेल्या जोडावर बोटाला कधीच काही लागत नसे.

त्या शुक्रवारी पडवीबाहेर एक लहान आकाशपाळणा उभा होता. हाताने ढकलायचा, पोरांना बसवायचा, सहा पिंजऱ्यांचा. प्रत्येक पिंजरा ज्या दांडीला लटकायचा, तिच्या टोकांना भोक पाडलेल्या जाड पट्टीचे दोन तुकडे जोडलेले होते. त्यांना सगळे ‘कान’ म्हणत. पोरांचा सारा भार त्या कानांवर. बापाने ते आदल्या दिवशी लावून संपवले होते. घासणे तेवढे राहिले होते.

चास्मिनीने गॉगल चढवला आणि पहिल्या कानाला ग्राइंडर लावला. ठिणग्यांचा झोत गुडघ्यावरून मागे गेला. वितळून थिजलेल्या धातूची फुगीर ओळ उतरू लागली, चकाकू लागली, आणि त्या चकाकीखालून केसाएवढी काळी रेघ वर आली.

तिने ग्राइंडर थांबवला.

कान आणि दांडी जिथे एकमेकांना टेकत होते, तीच ही रेघ. धातूची ओळ तिच्यावर नव्हतीच. ती शेजारून, सरळ आणि देखणी, नुसत्या दांडीवरून गेली होती. कानाची कड तिने जेमतेम चाटली होती. चास्मिनीने हातोडी उचलली. पहिल्या दोन ठोक्यांना काही झाले नाही. तिसऱ्या ठोक्याला कान तुटून फरशीवर पडला.

“काय पडलं गं, नोक?” आतून वडिलांनी विचारले. ते लेकीला अजूनही तालांगमधल्या लहान पोरीसारखे ‘नोक’च म्हणत.

“हातोडी, बापा.”

ती इतक्या सहज खोटे बोलली की तिचे तिलाच आश्चर्य वाटले. पण सराव होता. रोज्यांच्या महिन्यात एका खिडकीच्या जाळीवर तिला अशी रेघ पहिल्यांदा दिसली, तेव्हा तिने भेगा बुजवायची लांबी भरली, वरून रंग मारला आणि गप्प बसली. खिडकीची जाळी कुणाच्या डोक्यावर पडत नाही, अशी तिने मनाची समजूत घातली. मग एक फाटक झाले, मग कपडे वाळत घालायची घोडी. बापाच्या डोळ्यांत दुधाळ पडदा आला होता. ते त्याला धूर म्हणत, आणि रात्री बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून निजत. दवाखान्याचे नाव काढले की उठून जात. काम मात्र थांबले नव्हते. डाव्या हाताच्या बोटाने कोपरा चाचपायचा, काळ्या काचेचा मुखवटा खाली ओढायचा आणि पुढे कानांनी काम करायचे. कढईत कांदा पडावा तसा एकसारखा आवाज आला की त्यांच्या दृष्टीने जोड बसला. आवाज खरोखरच उत्तम येई. ओळ तेवढी बोटभर दुसरीकडे जाई, आणि लेकीचा ग्राइंडर ती चूक आरशासारखी घासून देई. बापाला आपली चूक कळू नये यासाठी आपण केवढी मेहनत घेतली, हे तुटलेला कान हातात धरल्यावर चास्मिनीला पहिल्यांदा नीट दिसले.

एवढ्यात पाळण्याचा मालक रोखिम फटफटीवरून आला. चास्मिनीने कान एप्रनच्या खिशात टाकला.

“यू, झाला का माझा घोडा तयार?” पाळण्याभोवती फिरत तो म्हणाला. ती त्याच्यापेक्षा थोडी मोठी म्हणून तो तिला ‘यू’ म्हणे, ताई म्हणावे तसे. “नमाज झाली की छोटा टेम्पो घेऊन येतो. आई शुभारंभाची लाल-पांढरी खीर करतेय. आधी दुवा, मग खीर, मग गल्लीतल्या सगळ्या पोरांना एकेक फेरी फुकट. सकाळपासून दारात रांग लावून बसलीत कार्टी!”

“अजून घासायचाय,” चास्मिनी म्हणाली.

“घास, घास! तू घासलेल्या जोडात तोंड बघून मी दाढी करीन. पाक, ऐकताय का? खिरीचा पहिला घास तुमचा!”

पाक तास्रिपिन दारात आले. चेहरा त्यांनी आवाजाच्या रोखाने वळवला, माणसाच्या रोखाने नव्हे. रोखिमच्या ते ध्यानात आले नाही.

“दात आहेत कुठे घास खायला?” ते म्हणाले.

“खिरीला दात कशाला लागतात, पाक?”

“मग तुझ्या बायकोच्या हातची नको हं. मागच्या वेळी खिरीत खडा निघाला होता.”

“तो नारळ होता!”

“असेल. मी खडा म्हणूनच गिळला.” ते हसले आणि मग गंभीर झाले. “पोरं बसव बिनधास्त. तालांगमध्ये माझा जोड अजून परत आलेला नाही.”

रोखिम गेला. चास्मिनी वडिलांजवळ जाऊन म्हणाली, “बापा, कानांवर मी एकदा रॉड ओढून घेऊ का? नुसता एक हात. मजबुतीला.”

“माझ्या जोडावर?”

“पोरं बसणार आहेत म्हणून म्हटलं.”

“तुझं घासणं बघून आता लोक जोडपण तुझ्याकडेच मागतील,” ते चेष्टेच्या सुरात म्हणाले, पण ओठ हसत नव्हते. “जोडाला हात नको लावूस. माणूस जिवंत असताना त्याच्या जोडावर दुसऱ्याने ओढायचं नसतं. मी माझ्या उस्तादाच्या जोडावर कधी ओढलं नाही.”

“उस्तादांचे डोळे...”

“काय डोळे?”

“काही नाही.”

ती परत पाळण्याशी आली. पण आता तिला एक वाट दिसत होती. शुक्रवारची नमाज, त्याआधी प्रवचन, मग मशिदीच्या पायरीवरच्या गप्पा. वडील परत यायला पुष्कळ वेळ लागेल. तेवढ्यात सगळे कान कापायचे, नव्याने जोडायचे, घासायचे. रोखिमला कळणार नाही, बापाला कळणार नाही, पोरे सुखरूप राहतील, आणि खिरीचा पहिला घासही ज्याचा त्याला मिळेल. तिचा जीव हलका झाला. तिने कापायचे पातळ चाक आणि नवे रॉड पोत्याखाली लपवून तयार ठेवले आणि वडिलांच्या आंघोळीचे पाणी काढले.

आंघोळ करून, धुतलेला लुंगीसारखा सारोंग आणि काळी टोपी घालून पाक तास्रिपिन बाहेर आले. चपला पायाने चाचपत ते म्हणाले, “सांगायचं राहिलं. शाळेचे मास्तर काल भेटले. पाण्याची मोठी टाकी बसवायचीय, पोरांच्या हात धुवायच्या जागेवर. खाली उंच घोडा लागेल, लोखंडी अँगलचा. हो म्हटलंय मी.”

“तुम्ही हो म्हटलंत?”

“मग? मुद्दाम माझं नाव घेऊन आले होते. सोमवारी अँगल येतील. तू कापून ठेव, मी जोडतो.”

चास्मिनीच्या डोळ्यांपुढे ती टाकी आली. भरलेली, उंचावर, आणि खाली नळांशी ढकलाढकली करणारी पोरे. त्या घोड्याचे जोडही तिला लपूनच द्यावे लागतील, कोणत्या शुक्रवारी? आणि त्यानंतर पुढचे काम, आणि त्याच्या पुढचे. एखाद्या दिवशी तिला ताप येईल, नवऱ्याकडे जाकार्ताला जावे लागेल, किंवा एखादा जोड नजरेतून सुटेल. रेघ त्या दिवशीही असेल आणि ती बघायला कुणी नसेल.

वडील फाटकाशी पोचले होते. ते रस्त्यावर जाईपर्यंत थांबणे सोपे होते. चास्मिनी थांबली नाही. तिने पोत्याखालचे पातळ चाक काढून ग्राइंडरला चढवले, चावीने आवळले आणि दुसऱ्या कानाच्या मुळाशी टेकवले.

घासण्याचा आवाज घोगरा असतो, कापण्याचा चिरका. त्या घरात या दोन आवाजांतला फरक कुणाला कळणार नाही हे शक्यच नव्हते. पाक तास्रिपिन फाटकाला हात लावून उभे राहिले, आणि कान तुटून पडल्यावर परत फिरले.

“कापतेयस?”

“हो, बापा.”

“किती?”

“सगळे.”

त्यांनी हात पुढे केला. चास्मिनीने खिशातला सकाळचा कान त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी अंगठ्याने त्याची कड चाचपली. जोड बसला असता तर तिथे वितळून तुटलेल्या धातूचा खरबरीतपणा लागला असता. तिथे चाकाने पट्टी कापली तेव्हाची धार होती, जशीच्या तशी. अंगठा त्या धारेवरून एकदा गेला, मग उलटा आला.

“हा कापलेला नाही,” ते म्हणाले.

“नाही. ठोक्याने पडला.”

“सकाळी. हातोडी म्हणालीस.”

“हो.”

“आणि जाळ्या? हाजीच्या घरचं फाटक?”

“त्यातपण होतं कुठेकुठे. मी लांबी भरली.”

पाक तास्रिपिन यांचा चेहरा लालसर झाला. “कधीपासून आंधळ्याला आरसा दाखवतेयस तू?” त्यांचा आवाज चढला नव्हता, पण चास्मिनीला फटका बसल्यासारखे झाले. “गल्लीत मी छाती काढून हिंडतोय आणि तू मागून लांबी भरतेयस. एका शब्दाने सांगता आलं नाही?”

“नाही आलं, बापा. माझं चुकलं.”

मशिदीतून बांग सुरू झाली. त्यांनी कान तिच्या हातात न देता पायरीवर ठेवला. “रोखिमला काय सांगणार?”

“जोड बसले नाहीत म्हणून.”

“कुणाचे, ते विचारेल.”

“विचारलं तर सांगेन.”

ते क्षणभर तिच्या दिशेने बघत राहिले. तिला बघत होते की नाही, कोण जाणे. मग टोपी नीट करून, कुंपणाच्या कडेकडेने, एका हाताने बांबू चाचपत ते मशिदीकडे निघाले. आजवर ते रस्त्याच्या मधून चालत. ते वळणाआड जाईपर्यंत चास्मिनीने पाहिले. त्यांना सोडायला जावे असे तिला वाटले, आणि जाऊ नये हेही कळले.

तिने आधी रोखिमला फोन लावला.

“आज नको येऊस. कान परत लावतेय. उद्या संध्याकाळी ने.”

“अगं यू, खीर शिजली! आई मला त्याच पातेल्यात बुडवेल. काय झालं काय?”

“जोड बसले नव्हते.”

“कुणाचे? पाकचे?”

“हो.”

“डोळे?”

“हो. शाळेच्या मास्तरांनापण सांगणार आहे. तिथल्या टाकीचा घोडा मी जोडणार, चालत असेल तर बघा म्हणून.”

“बरं,” रोखिम म्हणाला. “बरं, यू.”

मास्तरांचा फोन लागला नाही, तेव्हा तिने त्यांच्यासाठी निरोप बोलून ठेवला. मग उरलेले कान कापले. दांड्यांवरच्या भरकटलेल्या ओळी घासून काढल्या, कानांच्या कडा कानशीने तिरप्या केल्या, आणि चुलीजवळचा डबा आणून त्यातला कोरडा रॉड चिमट्यात धरला. पहिला कान जागेवर टेकवून दोन्ही बाजूंना एकेक टाका घातला. बाहेर नमाज सुरू होऊन रस्ता ओस पडला होता. चास्मिनीने मुखवटा खाली ओढला. काळ्या काचेतून हिरवट उजेडात तिला ती रेघ दिसली, आणि दोन्ही कडा वितळून एकमेकींत उतरेपर्यंत तिने हात पुढे सरकवला नाही.